आवाज फुटण्याच्या वयातलं गाणं: सांगलीतल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा तेरा वर्षांचा, नुकताच आठवीत गेलेला. घर सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला. वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, आई बँकेत नोकरीला, घरात आजोबा आणि दुसरीत शिकणारी धाकटी बहीण. सात वर्षांचा असल्यापासून तो गायन शिकत होता. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत झाल्या होत्या, सगळ्या चांगल्या मार्कांनी. शाळेच्या गॅदरिंगला त्याचं नाट्यगीत दरवर्षी ठरलेलं. मी गाणं शिकवते. जूनमध्ये आईवडील त्याला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा आईची तक्रार एवढीच होती, “बाई, ह्याचं गाण्यातलं मन उडालंय. पेटीला हात लावत नाही. काही विचारलं की उठून जातो.” मुलगा शेजारी बसून सतरंजीचे दोरे ओढत होता.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण असे मुलगे मला दरवर्षी भेटतात. बाराव्या-तेराव्या वर्षी क्लास सुटतो, घरचे म्हणतात अभ्यास वाढला, आणि विषय तिथंच मिटतो. खरं कारण पुष्कळदा गळ्यात असतं आणि ते कुणी बघितलेलंच नसतं. या वयात गळ्याला सवलत द्यावी लागते, पण कानाला भरपूर काम द्यावं लागतं, आणि ते काम क्लासपेक्षा घरात जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे. या मुलाच्या वर्षभरात ते मला फार जवळून पडताळून बघता आलं. घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काय झालं होतं

जानेवारीतल्या गॅदरिंगमध्ये नाट्यगीत चालू असताना तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, त्याचा आवाज चिरकला. पुढच्या ओळीला पुन्हा. मागच्या रांगेतली पोरं हसली. त्यानं पद पूर्ण केलं, खाली उतरला आणि त्या दिवसापासून शाळेत गायला नाही. घरी यातलं काही बोलला नाही. आईला हे कळलं ते मे महिन्यात, तेही त्याच्या मित्राच्या आईकडून.

दरम्यान क्लासमध्ये आवाज लागत नाही म्हणून रियाज वाढवायला सांगितलं गेलं. आठ-दहा मुलांची बॅच, त्यात मुली जास्त, एक पेटी आणि सगळ्यांसाठी एकच पट्टी, काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा सगळ्यांचा सा. मुलींना ती सोयीची, दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही सोयीची. गेली पाच-सहा वर्षं तो त्याच पट्टीत गात आला होता. एका बॅचमध्ये प्रत्येकाची पट्टी वेगळी ठेवून शिकवणं किती अवघड असतं ते मी रोज अनुभवते, त्यामुळे इथं कुणाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण झालं असं, की न लागणारा स्वर लावण्यासाठी तो मान ताणायला लागला, हनुवटी वर जायला लागली आणि तासाभराच्या रियाजानंतर घसा दुखायला लागला. गाणं म्हणजे घसा दुखणं, हे समीकरण पोराच्या डोक्यात पक्कं बसलं.

घरी याचा अर्थ वेगळा लावला गेला. वडिलांना वाटलं मोबाईलमुळे. आजोबांना वाटलं आळस. आजोबांचा पिंड संगीत नाटकावर पोसलेला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतात. “सांगलीचं पोरगं आन् नाट्यगीत नको म्हणतंय, काय म्हणायचं ह्याला?” हे वाक्य जेवणाच्या ताटावर रोज व्हायला लागलं. त्यांचं प्रेमच होतं ते, पण मुलाला त्यातून फक्त आपण कमी पडतोय एवढंच ऐकू येत होतं. त्यात मध्यमा प्रथमचा, म्हणजे पुढच्या परीक्षेचा, फॉर्म भरायची चर्चा सुरू झाली. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, तोपर्यंत परीक्षा झाल्या पाहिजेत, हा हिशोब आईच्या डोक्यात होता आणि तो चुकीचाही नव्हता.

पहिली भेट

मी त्याला गायला सांगितलं नाही. शाळा, क्रिकेट, यार्डातला हळदीचा सीझन, असं काहीबाही बोलत राहिलो. मला त्याचा बोलण्याचा आवाज ऐकायचा होता. तो जाड झाला होता, मधूनच वर उडत होता आणि उडाला की मुलगा बोलणं अर्धवट सोडत होता. हे एवढं पुरेसं होतं.

साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं. स्वररज्जू लांब आणि जाड होतात. तार लांब आणि जाड केली की तिचा स्वर खाली जातो, तेच गळ्यात होतं. बोलण्याचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. पण हे एका रात्रीत होत नाही. कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्षाच्या वर. त्या काळात स्नायूंना नव्या मापाची सवय नसते, म्हणून आवाज मध्येच निसटतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो, काही दिवस त्यात हवा येते, पण फरक लहान असल्यामुळे बहुतेकदा कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज फुटणं हा आजार नाही. मात्र सर्दी-खोकला नसताना घसा तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला, किंवा बोलतानाही दुखत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. या मुलाचं बोलताना दुखत नव्हतं, फक्त काळी चारमध्ये गाताना दुखायचं. रियाज थांबवल्यावर आठवड्यात तेही थांबलं.

हे सगळं मी त्याच्यासमोरच त्याच्या आईवडिलांना सांगितलं. आवाज गेला नाहीये, मोठा होतोय. वडील एकदम म्हणाले, “म्हणजे माझं पण असंच झालं असंल की तेव्हा!” मुलानं पहिल्यांदा मान वर केली.

मग ओठ मिटून नुसतं गुणगुणायला सांगितलं, जो स्वर आपोआप येईल तो. त्यावरून पेटीवर खाली-वर जात त्याच्या गळ्याची आजची जागा शोधली. पांढरी चारला षड्ज धरला तर षड्जापासून पंचमापर्यंतचे पाच स्वर अजिबात न ताणता येत होते. धैवत कधी येई, कधी नाही. तार षड्ज नाहीच. पाच स्वर, बास. मी त्याला म्हटलं, सध्या तुझं घर एवढंच आहे, याच्या बाहेर जायचं नाही. तार सप्तक कायमचं बंद नाही, फक्त आत्ता नको. षड्जाची जागाही दर पंधरवड्याला पुन्हा तपासायची आणि खाली सरकली तर बिनधास्त खाली यायचं.

आईनं विचारलं, “मग शिकवणार काय त्याला?” रास्त प्रश्न होता. पाच स्वरांत ख्याल होत नाही, नाट्यगीत तर नाहीच.

काळ्या पट्ट्या

त्याच्या वर्षभरात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आता सांगते. पेटीवर झालेलं हे काम आहे, गळ्याचा त्यात काही संबंध नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या तासाला मी मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं, षड्ज काळी तीनचा ठेवला आणि सांगितलं, “फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीन म्हणजे सा.” तो वाजवत वर गेला. सा, रे, ग, प, ध, पुन्हा सा. चेहऱ्यावर काही फरक नाही. “भूप,” म्हणाला, जरा कंटाळूनच. भूप त्यानं पहिल्या वर्षी शिकलेला.

मग मी तानपुरा काळी एकवर आणला. “पट्ट्या त्याच. आता काळी एक म्हणजे सा.” सा, रे, आणि पुढच्या काळीवर बोट ठेवलं तसा तो थांबला. परत मागं आला. पुन्हा सा, रे, म. “गंधार कुठं गेला?” प, ध. दोनदा खालीवर केलं आणि माझ्याकडे बघितलं. “बाई, हा दुर्गा आहे.”

होय, दुर्गा. तीच पाच काळी, एकही पट्टी बदलली नाही, फक्त षड्ज हलवला. पण तो माझ्या उत्तराला थांबलाही नाही, त्यानं स्वतःच ॲपमधला षड्ज काळी पाचला नेला. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. तो हळू वाजवत होता, एकेका पट्टीवर थांबत. “मालकंस?” हो, मालकंस. हा राग त्याला शिकवलेला नव्हता. आजोबांच्या रेडिओवर ऐकलेला, त्यामुळे कानात होता.

उरलेल्या दोन जागा त्यानं घरी शोधून आणल्या. काळी दोनवरून धानीचे स्वर मिळतात आणि काळी चारवरून मधमाद सारंगाचे. नावं त्याला माहीत नव्हती, पण स्वर लिहून आणले होते आणि प्रत्येकापुढे कंसात ‘उदास’, ‘ऊन पडल्यासारखं’ असं काहीतरी. शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात, ते मी नंतर सांगितलं.

इथं एक काळजी घ्यावी लागते. तानपुऱ्याचा षड्ज प्रत्येक वेळी बदललाच पाहिजे. तो बदलला नाही तर कान जुन्या षड्जाला चिकटून राहतो आणि सगळंच भूपासारखं ऐकू येतं. मुलांना पेटीवर नुसती बोटं फिरवायला देऊन हा खेळ होत नाही. दुसरं, स्वर म्हणजे राग नव्हे, हे लगेच सांगायला हवं. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. मी दोन्हींतली एकेक सुरावट वाजवली आणि विचारलं, कुठं रेंगाळलो? पहिल्याच वेळी त्यानं बरोबर सांगितलं. पाच-सहा वर्षं गाणं शिकलेल्या मुलाचा कान तयार झालेला असतो. फक्त आजवर त्याला कानाचे मार्क कुणी दिलेले नसतात.

त्या दिवशी तास संपल्यावरही तो पेटीवरून उठला नाही. पुढची बॅच दारात उभी होती.

घरात काय बदललं

आईवडिलांना मी तीनच गोष्टी सांगितल्या. ‘रियाज कर’ म्हणायचं नाही. पाहुण्यांसमोर गायला लावायचं नाही. आणि रात्री जेवणं झाल्यावर पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून काहीतरी ऐकायचं, त्यात मोबाईल बाजूला, आणि ऐकून झाल्यावर ‘कुठला राग?’ म्हणून परीक्षा घ्यायची नाही.

तिसरी गोष्ट बोलायला सोपी आणि करायला अवघड निघाली. पहिल्याच आठवड्यात आईनं उत्साहानं एका मोठ्या गायकाचा तासाभराचा विलंबित ख्याल लावला. मुलगी झोपली, मुलगा पाणी प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही. विलंबित एकताल मुलांना एकदम झेपत नाही, त्यात लय इतकी संथ असते की बारा मात्रांचं एक आवर्तन संपेपर्यंत लहान मूल पहिली मात्रा विसरलेलं असतं. मुलांना शास्त्रीय संगीत आवडत नाही असं म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झालेली असते.

मी त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकायला सांगितल्या. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपते, त्यामुळे गायकाला सगळं त्यातच मांडावं लागायचं. तीन मिनिटांत झिंझोटी, तीन मिनिटांत भैरवी, आलाप, बोल, ताना सगळं आहे आणि कंटाळा यायच्या आत संपतं. शिवाय आवाज असा टोकदार, सुरेल आणि हळवा, की मुलं गप्प होतात. आणि खाँसाहेब आपले, मिरजेचे. किराणा घराण्याचा हा मोठा गवई 1937 साली गेला. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून संगीत सभा होते. हे मुलाला माहीत होतं, पण नुसतं सामान्य ज्ञान म्हणून. ज्याचं गाणं रोज रात्री जेवणानंतर ऐकतो तो माणूस आठ-दहा किलोमीटरवर विसावलाय, हे कळल्यावर त्याला वेगळं वाटलं.

तबकडीचा खरखराट बहिणीला आवडायचा. ती म्हणायची, पाऊस पडतोय.

एक गोष्ट मात्र लवकर सावरावी लागली. मुलाच्या लहानपणीच्या एका स्पर्धेचा व्हिडिओ वडील कौतुकानं पाहुण्यांना दाखवायचे. तो लागला की मुलगा दार आपटून जायचा. घरच्यांना यात काय वाईट ते कळत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, तो आवाज आता परत येणार नाही हे त्याला कळलंय, तुम्ही रोज त्याच्यापुढं तेच मांडताय. वडिलांनी व्हिडिओ त्याच दिवशी फोनमधून काढला. संगणकावर ठेवला असेल, असू दे.

मिरज

श्रावणात एका रविवारी वडिलांनी दोन्ही मुलांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेलं, मीही गेले. मिरजेत तंतुवाद्यांचं काम पावणेदोनशे वर्षांच्या आसपास चालू आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून. दुकानांत ते वाळलेले भोपळे छतापर्यंत रचलेले असतात आणि लहान पोरं तिथंच अडकतात. बहीण तासभर एका भोपळ्यावर बोटांनी ठेका धरून बसली.

मुलगा मात्र एका कारागिरापाशी थांबला. ते जव्हारी काढत होते, म्हणजे तारेचा नाद उघडावा म्हणून तंबोऱ्याची घोडी घडवत होते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसेनं जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. बघायला काहीच घडत नाही, ऐकायला घडतं. मग त्यांनी तारेखाली घोडीवर सुती दोरा सरकवला. केसभर मागं, केसभर पुढं. एका जागी आल्याबरोबर तो कोरडा टणटण आवाज उघडला आणि दालन भरून गेलं. मुलगा म्हणाला, “आत्ता काय केलंत?” कारागीर म्हणाले, “काय केलं नाही, जागा सापडली.” त्यांनी दोरा काढून त्याच्या हातात दिला. बराच वेळ खटपट करून त्यालाही ती जागा सापडली, निसटली, परत सापडली.

तंबोरा पंचमात मिळवलेला होता. पहिली तार मंद्र पंचम, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मी त्याला कान भोपळ्याजवळ नेऊन नुसती खर्जाची तार ऐकायला सांगितली. थोड्या वेळानं तो म्हणाला, “आत गंधार वाजतोय.” कुणी न लावलेला गंधार. तारेचा पाचवा स्वरांश तो, मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ॲपवर हे असं ऐकू येत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलाला वर्षातून एकदा तरी खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसवावं, असं मी सगळ्याच पालकांना सांगते. सांगली-मिरजेच्या पालकांना तर कारणच नाही न नेण्याचं.

त्याच वर्षी उरुसाच्या सभेला वडील त्याला घेऊन गेले. तिकीट नाही, सतरंजीवर बसायचं, झोप आली की उठायचं. तो मध्यरात्रीपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी गाण्याबद्दल फार काही बोलला नाही. एका तबलजीच्या हाताबद्दल मात्र भरभरून बोलला.

तबला आणि आजोबा

त्यातून तबला आला. गणपतीनंतर तो आठवड्यातून एकदा तबल्याला जायला लागला. मला ते फार सोयीचं होतं. पढंत म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, ते बोलण्याच्या आवाजात होतं, गळा ताणत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर, पहिली, पाचवी, तेरावी टाळी आणि नववी खाली (म्हणजे टाळी न देता), हे त्याला आधी पाठ होतं, आता अंगात आलं. झपताल त्याला विशेष आवडला. दोन-तीन-दोन-तीन असा तो लंगडत चालणारा दहा मात्रांचा ताल. घरी बहिणीला समोर बसवून टाळ्या द्यायला लावायचा आणि ती चुकली की हसायचा. हे हसणं आईला फार दिवसांनी ऐकू आलं.

आजोबांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. त्यांना ‘बोलू नका’ सांगून चालणार नव्हतं, आणि घरातला सगळ्यात जास्त गाणं ऐकलेला माणूसही तेच होते. मी त्यांना म्हटलं, “आबा, तुम्ही त्याला गायला सांगू नका. तुम्हीच गा की.” ते लाजले. पण सांगली आकाशवाणीवर एखादं जुनं पद लागलं की त्याच्याबरोबर गुणगुणायची त्यांची सवय होतीच. त्यांची पट्टी काळी एक, वयानं थोडा कापरा आवाज, पण सूर पक्का.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा ते अंगणात खुर्ची टाकून एक पद म्हणत होते आणि मुलगा पायरीवर बसून त्यांच्याबरोबर म्हणायला लागला. तोवर त्याचा षड्ज पांढरी चारवरून काळी दोनपर्यंत खाली आला होता. आजोबांच्या काळी एकमध्ये त्याला बरंचसं पद बसत होतं. त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज आता आबांच्या आवाजात मिसळतो. आईनं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा गळा भरून आला होता.

याचा मी नंतर बराच विचार केला. या मुलानं आजवर गाणं ऐकलं, शिकलं ते काळी चारमध्ये, शिक्षिकांकडून आणि मुलींबरोबर. पुरुषाच्या गळ्यातलं गाणं त्याच्या रोजच्या अनुभवात जवळजवळ नव्हतंच. नवा आवाज घेऊन कुठं जायचं हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. घरात एक गाणारा पुरुष, मग तो भजन म्हणणारा का असेना, या वयाच्या मुलाला किती आधार देतो हे मी तेव्हा बघितलं. ज्या घरी असं कुणी नाही तिथं मी आता मुद्दाम पुरुष गायकांची गाणी ऐकायला देते आणि बॅचमधल्या मोठ्या मुलांबरोबर लहान मुलग्यांना बसवते.

परीक्षेचं काय

आईची काळजी शिल्लक होती. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आम्ही ती दोन्ही सत्रं सोडली. यावर घरात वाद झाला, वडिलांचंही म्हणणं होतं की निदान फॉर्म भरून ठेवू.

मी परीक्षांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. डोळ्यांना इजा झाल्यावर मिरजेत येऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणं सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकता यावं, वर्ग भरावेत, पायरीपायरीनं अभ्यासक्रम असावा, हाच हेतू होता. 1931 साली ते मिरजेतच वारले आणि त्यानंतर शिष्यांनी मंडळ उभं केलं. आज खेड्यातल्या मुलीलाही विशारद होता येतं ते या व्यवस्थेमुळे. त्या व्यवस्थेचा मला आदर आहे. पण आवाज फुटत असलेल्या मुलानं मध्यमेचे ख्याल परीक्षकासमोर गाणं म्हणजे हाड जुळत असताना पळायला लावणं आहे. परीक्षा पुढच्या सत्रात असतेच. आणि दहावीला अजून दोन वर्षं होती, हिशोब बसत होता. आईनं कागदावर मांडून बघितला आणि मान्य केलं.

जे साधलं नाही तेही सांगते. शाळेत तो अजून गायला तयार नाही. गॅदरिंगला त्यानं तबला वाजवला, नाट्यगीत दुसऱ्या मुलीनं म्हटलं. शिक्षकांनी आग्रह केला, तो नाही म्हणाला, आणि आईवडील त्याच्या बाजूनं उभे राहिले. तानपुऱ्याला रोज बसणंही अजून अधूनमधूनच होतं. क्रिकेटचा सीझन आला की दोन-दोन आठवडे सुटतं. मी त्यावर बोलत नाही, घरी रात्रीचं ऐकणं चालू आहे का एवढंच विचारते. ते चालू आहे.

या जूनमध्ये त्याचा षड्ज काळी एकला स्थिरावलाय. मंद्र पंचमापासून मध्य निषादापर्यंत आवाज मोकळा, भरीव लागतो. तार षड्ज लागतो, पण मी तिथं थांबू देत नाही, स्पर्श करून परत. भीमपलासचा मध्य लयीतला ख्याल सुरू केलाय. राग त्यानंच निवडला. पूर्वी तो ताना पाठ करून म्हणायचा, आता चार-पाच स्वरांच्या लहान जागा स्वतः करतो, कारण वर्षभर पेटीवर आणि कानानं तेवढंच काम झालंय. खर्जाचा रियाज सकाळी दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मध्यमा प्रथमचा फॉर्म नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राचा भरायचा ठरलंय. ऑक्टोबरमध्ये आवाज पुन्हा तपासू. तार सप्तकात अजूनही ताण जाणवला तर एप्रिलला ढकलू, असं आईनंच सुचवलं.

धाकट्या बहिणीला गाणं शिकायचंय. तिला मी यंदा क्लासला घेतलेलं नाही. ती रोज रात्री सगळ्यांबरोबर ऐकते, दादाच्या झपतालाला टाळ्या देते आणि आजोबांबरोबर तिला येतील ती पदं म्हणते. पुढच्या वर्षी बसवू.